बाळाच्या वाटीत मशरूम : कुठले, कसे आणि कशाऐवजी?

पावसाळा लागला की नागपूरच्या बाजारात मशरूमची दोन दुकाने दिसू लागतात. एक बारमाही. प्लॅस्टिकच्या पातळ वेष्टनात बसवलेली पांढरीशुभ्र बटणे, दोनशे ग्रॅमच्या पाकिटात, गोकुळपेठेतल्या भाजीवाल्याकडे आणि मॉलच्या थंड कपाटातही. दुसरे दुकान काही आठवड्यांपुरतेच. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातून टोपल्यांत, पानांत गुंडाळून येणारे रानमशरूम. झाडीपट्टीत त्याला सात्या म्हणतात, वर्धा-यवतमाळकडे टेकोडे. वारुळांच्या आसपास उगवणारे हे मशरूम अनेक घरांत वर्षाचा सण असतो आणि त्यासाठी मटणाच्या तोडीचा भाव मोजायलाही लोक तयार असतात.

घरात सहा-आठ महिन्यांचे बाळ असेल, नुकतेच उष्टावण झालेले असेल, तर या दोन्ही दुकानांसमोर एकच प्रश्न पडतो : बाळाला मशरूम चालते का? याचे नुसते ‘हो’ किंवा नुसते ‘नाही’ असे उत्तर देणारा माणूस अर्धेच सांगत असतो. लागवडीचे, पूर्ण शिजवलेले, बारीक केलेले मशरूम सहा महिन्यांनंतर चालते. रानातले मशरूम मात्र लहान मुलाच्या ताटात येऊच नये, ते कितीही विश्वासू माणसाने आणलेले असो. आणि जे चालते, तेही डाळ, दही किंवा अंड्याच्या जागी चालत नाही. हे शेवटचे वाक्य दवाखान्यात फार कमी वेळा सांगितले जाते, आणि आज घरोघरी होणारी गफलत नेमकी तिथेच आहे.

आधी वयाचा मुद्दा, कारण तो सोपा आहे. सहा महिने पूर्ण होईपर्यंत बाळाला आईच्या दुधाखेरीज काही नको, त्यानंतर दुधाच्या जोडीला वरचे अन्न सुरू करावे, हा जागतिक आरोग्य संघटनेचा आणि आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांचाही सल्ला आहे. मशरूमसाठी याहून वेगळी वयोमर्यादा नाही. दूध, अंडे, शेंगदाणा, गहू, सोयाबीन, मासे यांची ॲलर्जी मुलांत जितकी दिसते तितकी मशरूमची दिसत नाही. तरीही कुठलाही नवा पदार्थ देताना पाळायची पद्धत इथेही पाळावी. दिवसाउजेडी, बाळ बरे असताना, एक-दोन चमचे द्यावे, आणि पुढचे दोन-तीन दिवस दुसरे नवे काही देऊ नये. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, उलट्या झाल्या, तर कारण शोधत बसावे लागत नाही. श्वास लागला तर अर्थातच थांबायचे नाही, सरळ रुग्णालय गाठायचे.

मशरूमचा एक खरा गुण मात्र आपल्याकडे कोणी सांगत नाही. वर्षाखालच्या बाळाच्या अन्नात मीठ घालू नये, असे डॉक्टर सांगतात आणि घरातल्या मोठ्यांना ते पटत नाही. ‘अळणी कसे खाईल लेकरू?’ हा प्रश्न प्रत्येक घरात विचारला जातो. मशरूममध्ये ग्लुटामेट नैसर्गिकरीत्या असते. डाळीला, भाताला मिठाशिवाय खमंगपणा आणणारा हाच घटक. (अजिनोमोटोच्या नावाने घाबरणाऱ्यांनी घाबरू नये, टोमॅटोतही तो असतो.) आईच्या दुधातही ग्लुटामेट भरपूर असल्यामुळे ही चव बाळाला परकी नसते. तेव्हा अळणी खिचडीत दोन चमचे परतलेले मशरूम ही आजीची आणि डॉक्टरांची तडजोड होऊ शकते.

पण चव म्हणजे पोषण नव्हे. ‘मशरूम म्हणजे शाकाहाऱ्यांचे मटण’ हे वाक्य लग्नाच्या पंगतीपासून कृषी प्रदर्शनातल्या फलकांपर्यंत सगळीकडे ऐकू येते. प्रौढांच्या बाबतीत ते अतिशयोक्तीवर भागते. बाळाच्या बाबतीत ते नुकसान करते.

हिशोब साधा आहे. ताज्या बटण मशरूममध्ये दहापैकी नऊ भाग पाणी असते. १०० ग्रॅममध्ये प्रथिने सुमारे ३ ग्रॅम, लोह अर्धा मिलीग्रॅम आणि ऊर्जा जेमतेम २० ते २५ कॅलरी. आठ महिन्यांचे बाळ एका वेळी १०० ग्रॅम मशरूम खाणार नाही, खाईल फार तर २० ग्रॅम. म्हणजे त्याच्या पदरात प्रथिने अर्धा-पाऊण ग्रॅम आणि लोह ०.१ मिलीग्रॅम. एका अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम प्रथिने मिळतात. मशरूमची पावडर करून, पाणी काढून टाकून मोजले की प्रथिनांचे आकडे भव्य दिसतात आणि फलकांवर तेच आकडे लिहिलेले असतात. पण बाळ वाटीतले शिजवलेले मशरूम खाते, प्रयोगशाळेतली सुकी पावडर खात नाही. त्यात त्याचे पोट मुठीएवढे. ते पाणीदार भाजीने भरले, की डाळ-भात-तुपाला जागा उरत नाही. आहारतज्ज्ञांच्या मोजणीत मशरूम ‘इतर भाज्या’ या खान्यात जाते, मांस-अंड्यांच्या खान्यात नाही, ते याचमुळे.

हे इतके ताणून सांगण्याचे कारण महाराष्ट्रातल्या मुलांच्या रक्तात आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्यातल्या सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी ६८.९ टक्के मुलांना रक्तक्षय होता. त्याआधीच्या, २०१५-१६ च्या पाहणीत हे प्रमाण ५३.८ टक्के होते. त्याच ताज्या पाहणीत, देशभरातल्या ६ ते २३ महिन्यांच्या बाळांपैकी पुरेसा आणि विविध आहार मिळणारी बाळे होती अवघी ११.३ टक्के. म्हणजे हा फक्त गरीब वस्त्यांचा प्रश्न नाही. धरमपेठेतल्या बाळालाही वरच्या अन्नाच्या नावाखाली तांदळाची पेज, बिस्किटे आणि फळांचा रस मिळतो आणि आईबापांना वाटते, खाणे चांगले चालले आहे.

लोहापेक्षाही जास्त गफलत बी-१२ या जीवनसत्त्वाची होते. मशरूममधून बी-१२ मिळते, असे सांगितले जाते. त्यात ते असते, पण इतके थोडे आणि इतके अनिश्चित, की त्यावर बाळ सोडून देता येत नाही. विदर्भात शुद्ध शाकाहारी कुटुंबे पुष्कळ आहेत. आई शाकाहारी, दूध-दहीही बेताचे, तिच्याच अंगात बी-१२ कमी, म्हणून दुधातही कमी, आणि बाळ वर्षभर फक्त अंगावरच्या दुधावर. अशा बाळांत दिसणारा एक आजार भारतीय बालरोगतज्ज्ञांना चांगला ठाऊक आहे, त्याचे नाव इन्फंटाइल ट्रेमर सिंड्रोम. साधारण सहा ते अठरा महिन्यांचे, गुटगुटीत दिसणारे बाळ हसेनासे होते, बसायला शिकलेले असेल तर बसणे विसरते, बोटांच्या पेरांवर काळसरपणा येतो, केस विरळ आणि भुरकट होतात, आणि मग हातापायांना, डोक्याला कंप सुटतो. वेळेवर बी-१२ दिले की बरेचसे सुधारते. उशीर झाला तर मेंदूच्या वाढीत मागे पडलेले सगळे भरून येईलच, असे नाही. अशा घरात कोणी ‘अंडे नको, त्याऐवजी मशरूम देऊ’ म्हणत असेल, तर तो सल्ला निरुपद्रवी राहत नाही.

अंडे न खाणाऱ्या घराने अंडे खावे, असे इथे म्हणायचे नाही, तो ज्याचा त्याचा धर्म आणि निर्णय. पण मग अंड्याची जागा कोण घेणार, हे नीट ठरवले पाहिजे. दही, ताक, पनीर, अन्नात मिसळलेले दूध, रोज दोन वेळा घट्ट डाळ, शेंगदाण्याचे किंवा तिळाचे बारीक कूट, आणि बी-१२ च्या थेंबांबद्दल बालरोगतज्ज्ञांशी स्पष्ट बोलणे. लोहासाठी सरकारची व्यवस्था आहेच. ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना आठवड्यातून दोनदा १ मिलीलीटर लोह-फॉलिक ॲसिडचे सिरप द्यायचे असते, त्यात २० मिलीग्रॅम लोह असते. वर काढलेल्या हिशोबाने तेवढे लोह मशरूममधून मिळवायचे, तर बाळाला चार किलो मशरूम खाऊ घालावे लागेल! आदिवासी भागातल्या अंगणवाड्यांत अमृत आहार योजनेतून लहान मुलांना अंडे आणि अंडे न खाणाऱ्यांना केळी देतात. केळे वाईट नाही, पण ते अंड्याच्या तोडीचे नाही, हेही कोणीतरी सांगायला हवे.

एवढे समजून घेतले, की मशरूमला त्याच्या योग्य जागी, म्हणजे चवीची एक भाजी म्हणून, बाळाच्या वाटीत आनंदाने येऊ द्यावे. मग उरतो तो स्वयंपाकघराचा भाग.

बटण मशरूमला वाढीच्या शेवटच्या टप्प्यात १४ ते १८ अंश तापमान लागते. एप्रिल-मेमध्ये ४५ अंशांना भिडणाऱ्या नागपुरात ते बंद, थंड खोल्यांतच पिकते किंवा बाहेरून येते. धिंगरी, म्हणजे शिंपल्याच्या आकाराचे मशरूम, २० ते ३० अंशांत, सोयाबीनच्या कुटारावर, गव्हांड्यावर, धानाच्या तणसावर येते. त्यामुळे विदर्भात बचतगटांना आणि छोट्या शेतकऱ्यांना तेच परवडते. बाळासाठी दोन्ही चालतात, फक्त धिंगरीचा देठ चिवट असतो, तो काढून टाकावा. खरी काळजी थंड साखळीची. उन्हाळ्याच्या दुपारी हातगाडीवर तीन तास पडलेले पाकीट, आतून वाफ धरलेले, वरून स्वस्त, ते मोठ्यांनीही घेऊ नये. मशरूम चिकट लागले, वास आंबूस आला, काळे डाग पसरले, तर ते बाळाच्या वाटीचे नाही. घरी आणल्यावर प्लॅस्टिक काढून कागदी पिशवीत, फ्रिजमध्ये ठेवावे आणि दोन दिवसांत संपवावे. धुवायचे ते शिजवण्याच्या तोंडावर, वाहत्या पाण्याखाली.

कच्चे मशरूम बाळाला कधीच नको. सॅलडमध्ये कच्ची बटणे टाकण्याची हॉटेलांची फॅशन मोठ्यांपुरतीच राहू द्यावी. मशरूमच्या पेशींची भिंत कायटिनची असते, म्हणजे झिंग्याच्या कवचात असतो त्याच जातीच्या पदार्थाची. कच्ची असताना ती पचायला जड जाते. बटण मशरूममध्ये ॲगॅरिटीन नावाचे एक नैसर्गिक रसायनही असते, ते शिजवल्यावर बऱ्यापैकी कमी होते. तव्यावर मशरूमला आधी पाणी सुटते, मग ते आटते. ते पूर्ण आटेपर्यंत परतायचे, ही साधी खूण. चमचाभर तुपात दोन बटणे अगदी बारीक चिरून अशी परतली आणि मुगाच्या मऊ खिचडीत घोटली, वर लिंबाचे चार थेंब पिळले, की झाले. लिंबाने डाळीतले लोह अंगी लागायला मदत होते. डब्यातले मशरूम मिठाच्या पाण्यात असते, म्हणून ते टाळलेले बरे.

आता घास अडकण्याचे. इथे पालकांचे लक्ष सगळ्यांत कमी असते. शिजलेले मशरूम मऊ वाटते, पण ते रबरासारखे आणि निसरडे असते. बाळाच्या हिरड्यांखाली ते चिरडत नाही, सटकते. अख्खे छोटे बटण तर द्राक्षासारखे गोल, श्वासनलिकेच्या तोंडावर झाकणासारखे बसेल असे. म्हणून सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला फक्त घोटलेले किंवा कुटलेले, त्यानंतर वर्षापर्यंत तांदळाच्या दाण्याएवढे बारीक चिरलेले, पुढे पातळ काप छोटे तुकडे करून. अख्खे मशरूम चार वर्षांच्या आत नाहीच. आणि खाताना मूल बसलेले हवे. रांगत, पळत, मोबाइल बघत, मागे वाटी घेऊन फिरणाऱ्या आजीच्या हातून खाणारे मूल हे आपल्या घरांतले नेहमीचे दृश्य आहे आणि घास अडकण्याचे अपघात अशाच वेळी होतात. वर्षाखालच्या बाळाच्या घशात घास अडकून त्याचा आवाज बंद झाला, तर त्याला हातावर पालथे घेऊन, डोके खाली ठेवून, दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने ५ थापा, मग उताणे करून छातीच्या मध्यभागी ५ दाब, असे घास निघेपर्यंत करत राहायचे आणि दुसऱ्याने १०८ ला फोन करायचा. तोंडात आंधळेपणाने बोट घालून घास आणखी आत ढकलायचा नाही.

‘ड’ जीवनसत्त्वाबद्दलही विचारले जाते. मशरूमवर ऊन पडले की त्यात ‘ड-२’ तयार होते, हे खरे आहे. आपल्या त्वचेत होते तसेच. पण अंधाऱ्या खोलीत वाढलेल्या बटणात ते नावापुरते असते. नागपूरच्या उन्हात काप अर्धा तास ठेवले तर मोठ्यांच्या भाजीला थोडा फायदा होईल. बाळासाठी मात्र भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचा सल्ला रोज ४०० युनिट थेंबांचा आहे आणि मशरूम त्याला पर्याय नाही. ‘प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या’ मशरूमच्या पावडरी, कॉर्डिसेप्सची चाटणे, गोळ्या असे जे काही सध्या मोबाइलवर विकले जाते, त्यांना तर बाळाच्या आसपास जागा नको. त्यांची तपासणी बाळांवर झालेली नसते. दोन वर्षांखालच्या बाळांच्या तयार अन्नाची जाहिरात करायला १९९२ चा कायदा, २००३ च्या सुधारणेसह, मुळात बंदीच घालतो. ती दिसलीच, तर विकणाऱ्याबद्दल त्यावरूनच काय ते समजावे.

आता दुसरे दुकान, सात्यांचे.

इथे शहरी डॉक्टरांचा नेहमीचा सूर उपयोगाचा नाही. ‘रानातले काही खाऊ नका’ असे गोंड, माडिया, हलबी घरांना सांगणे म्हणजे त्यांच्या पिढ्यांच्या ज्ञानाला अडाणीपणा म्हणणे. कुठल्या वारुळावर कोणत्या पावसानंतर काय उगवते, देठाला वळे असले तर काय, खालचे मूळ वारुळात कितीवर गेले आहे, हे त्या घरातली बाई जे सांगू शकते ते वनस्पतिशास्त्राचा पदवीधरही सांगू शकणार नाही. वाळवीच्या वारुळावरचे हे मशरूम वाळवी स्वतः जणू शेती करून जोपासते, जमिनीखाली. ते खाण्यालायक आणि चविष्ट आहे, यात वाद नाही.

वाद आहे तो ओळखीच्या साखळीचा. ती ओळख जंगलात, त्या वारुळापाशी, त्या बाईच्या डोळ्यांत असते. मशरूम तोडले गेले, टोपलीत दुसऱ्या चार घरांच्या मालात मिसळले, व्यापाऱ्याच्या पोत्यात गेले, एस.टी.च्या टपावरून किंवा टेम्पोतून नागपुरात आले आणि रस्त्याच्या कडेला वाट्याने विकले गेले, की त्या ओळखीतले काहीच सोबत येत नाही. देठाचा बुडखा तुटलेला असतो, छत्री चुरगळलेली असते, वारूळ शंभर-दीडशे किलोमीटर मागे राहिलेले असते. विकणाऱ्याला विचारले तर तो ‘चांगले आहे’ म्हणणार, आणि तो खोटेही बोलत नसतो, त्याला कोणीतरी तसेच सांगितलेले असते. ‘आदिवासींची मुले खातात, त्यांना काही होत नाही’ हा युक्तिवाद इथे लंगडा पडतो. ती मुले जे खातात ते सकाळी तोडलेले, ओळखलेले मशरूम असते. नागपूरचे बाळ खाईल ते त्याच नावाचे, पण हमी नसलेले. शिवाय रानमशरूम फार लवकर नासते. दमट टोपलीत दिवसभर राहिले की खाण्यायोग्य जातही पोट बिघडवू शकते.

आणि चूक झाली तर ती कशी होते, हे समजून घेणे भाग आहे. अमॅनिटा या गटातल्या काही जातींत अमाटॉक्सिन नावाचे विष असते. ते शिजवल्याने, तळल्याने, वाळवल्याने जात नाही. चवही वाईट नसते. खाल्ल्यावर सहा तास, कधी बारा, कधी चोवीस तास काहीच होत नाही. मग उलट्या-जुलाब सुरू होतात, दिवसभरात थांबतात, घरच्यांना वाटते, बाधले होते, आता बरे आहे. या फसव्या उसंतीच्या काळात विष यकृताच्या पेशी मारत असते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कावीळ दिसते, तोवर बराच उशीर झालेला असतो. साठ किलोच्या बापाने आणि दहा किलोच्या मुलाने त्याच कढईतून सारखेच चार घास खाल्ले, तर मुलाला वजनाच्या मानाने सहापट विष मिळते. बापाला रुग्णालयात न्यावे लागेल अशा चुकीत मूल वाचेल, याची खात्री नाही.

एप्रिल २०२२ मध्ये आसामच्या चहामळ्यांच्या पट्ट्यात रानमशरूम खाऊन १३ जण दगावले. दिब्रुगडच्या आसाम मेडिकल कॉलेजात त्यांच्यावर उपचार सुरू होते. त्यांत एक लहान मूलही होते. मशरूम वेचून खाणे त्या वस्त्यांना नवे नव्हते, तरी घात झाला. आपल्याकडे घरोघरी सांगितल्या जाणाऱ्या कसोट्या अशा वेळी उपयोगी पडत नाहीत. चांदीचे नाणे किंवा चमचा काळा पडतो, लसणाचा रंग बदलतो, तांदूळ लाल होतात, किड्यांनी खाल्लेले मशरूम माणसालाही चालते, पांढरे म्हणजे निर्धोक. यांतली एकही कसोटी खरी नाही. सगळ्यांत घातक मशरूम पांढरेही असते आणि गोगलगायी ते मजेत खातात.

म्हणून लहान मुलासाठी नियम मोठ्यांहून वेगळा असावा. मोठ्यांनी आपल्या विश्वासावर, आपल्या जबाबदारीवर सात्यांची भाजी खावी. पाच वर्षांखालच्या मुलाच्या ताटात ती वाढू नये. हंगाम काही आठवड्यांचा, पोषणाच्या दृष्टीने मुलाचे त्यात काहीही बुडत नाही. गर्भवतीनेही तोच संयम पाळलेला बरा. जंगलातल्या गावात ओळखीची बाई आणि ओळखीचे वारूळ आहे तिथे हा नियम जाचक वाटेल, हे खरे. तरी दोन वर्षांचे मूल पाच वर्षांचे व्हायला तीनच पावसाळे लागतात.

सगळा भार पालकांवर टाकून मात्र चालणार नाही. इटलीत १९९३ च्या कायद्याने रानमशरूमची विक्री तपासणीखाली आणली. तिथे आरोग्य खात्याचे मशरूमतज्ज्ञ असतात आणि नागरिकाने स्वतः वेचून आणलेली टोपलीही ते तपासून देतात. फ्रान्समध्ये औषधविक्रेत्यांच्या शिक्षणातच मशरूमची ओळख शिकवतात, आणि शरद ऋतूत लोक टोपली घेऊन औषधांच्या दुकानात जातात. इथे तेंदू आणि मोहाचा हिशोब शेवटच्या किलोपर्यंत ठेवणाऱ्या यंत्रणेला सात्या दिसतच नाहीत. वनहक्क कायद्याने ज्या ग्रामसभांना गौण वनोपजाचा अधिकार मिळाला आहे, त्यांनीच जागेवर माल निवडावा, एकाच जातीचा वेगळा ठेवावा, देठासकट, न चिरता, वेचल्याची तारीख आणि गाव लिहून पाठवावा. कृषी महाविद्यालयांतल्या वनस्पतिरोगशास्त्र विभागांनी हंगामापुरती बाजारात एक टेबल-खुर्ची मांडावी. वेचणाऱ्या बाईला यातून भावही जास्त मिळेल, कारण खात्रीच्या मालाला शहर पैसे मोजते.

एक धोका मात्र बाजारात न जाताही घरी येतो. पाऊस पडला की अंगणात, सोसायटीच्या हिरवळीवर, बागेत रातोरात पांढऱ्या छत्र्या उगवतात. हिरवळीवर उगवणारी क्लोरोफायलम नावाची एक जात भारतातही आढळते. मोठी, देखणी, खाण्यालायक दिसणारी, आणि पोटात गेल्यावर एक-तीन तासांत भयंकर उलट्या-जुलाब करणारी. रांगत्या, चालत्या मुलाला खाली जे दिसते ते तोंडात जाते. आपल्या आज्या या छत्र्यांना ‘कुत्र्याची छत्री’ म्हणायच्या आणि हात लावला की ओरडायच्या. त्या किळसवाण्या नावाने किती लेकरांना वाचवले असेल, कोण जाणे. मूल खेळायला सोडण्याआधी हिरवळीवरून एक नजर फिरवावी आणि दिसतील त्या छत्र्या उपटून टाकाव्यात.

मुलाने असे काही तोंडात घातले, किंवा रानमशरूम खाल्ल्याचा संशय आला, तर मुलाला काही होत नाहीये म्हणून थांबू नये. घरी मीठ-पाणी पाजून उलटी करवू नये. तोंडातले तुकडे काढावेत, उरलेले मशरूम किंवा भाजी कागदात गुंडाळून सोबत घ्यावी (प्लॅस्टिकमध्ये ते सडते), खाल्ल्याची वेळ लिहून घ्यावी आणि मेडिकल, मेयो, एम्स किंवा जवळचे मोठे रुग्णालय गाठावे. त्याच कढईतून आणखी कोणी खाल्ले, तेही डॉक्टरांना सांगावे. उलट्या खाल्ल्यानंतर किती तासांनी सुरू झाल्या, हे डॉक्टर पहिल्यांदा विचारतील. सहा तासांनंतर सुरू झाल्या असतील, तर उलट्या थांबल्या तरी मुलाला घरी परत आणू नये. यकृताच्या चाचण्या पुढचे दोन-तीन दिवस पुन्हा पुन्हा कराव्या लागतात.